सख्यासागराच्या काठी

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत ‘चार दिवस कुठेतरी जाऊन येऊ’ असे कोणी म्हटले की बाकीचे शिवपुरी गृहीत धरतात. महाराष्ट्रात महाबळेश्वर-माथेरानला जो मान आहे तो आमच्याकडे गेली शंभर वर्षे या गावाला आहे. ज्याने ग्वाल्हेरचा मे महिना लष्कर भागातल्या दगडी घरात काढला असेल त्याला याचे कारण सांगावे लागणार नाही. शिवपुरी पठारावर वसलेली, भोवती झाडी आणि पाणी. म्हणून शिंदे दरबाराने ती आपली उन्हाळी राजधानी केली. तेव्हा तिचे नाव सिप्री असे होते. दरबार हलला की त्याच्यामागे कारकून, पुजारी, आचारी, वैद्य अशी मराठी माणसांची एक लहानशी पेठच हलत असे. पुढे १९४८ साली ग्वाल्हेर संस्थान मध्यभारतात विलीन झाले, दरबार संपला. हवापालटाची सवय मात्र आमच्या अंगात राहून गेली.

या हवापालटाचा एक ठरलेला भाग म्हणजे जनावरे पाहणे. गावाला अगदी लागून माधव राष्ट्रीय उद्यान आहे. एकेकाळचे हे शिंद्यांचे शिकारीचे रान. १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्याचे राष्ट्रीय उद्यान झाले आणि मार्च २०२५ मध्ये ते देशातील अठ्ठावन्नावे व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर झाले. या शेवटच्या घटनेने आमच्या गावात एक लहानसा फरक पडला आहे. पूर्वी शिवपुरीहून परतलेल्या माणसाला लोक विचारीत, ‘तळ्यात पाणी किती होते?’ आता विचारतात, ‘वाघ दिसला का?’ हा प्रश्न आम्हांलाही यंदा पाच-पंचवीस वेळा ऐकावा लागला. त्याचे एका शब्दात उत्तर देणे अवघड नाही. ते आम्ही दिलेही. तरीही एवढ्यावर मन भागेना, म्हणून हा लेखप्रपंच.

जानेवारीच्या अखेरीस आम्ही घरची सहा माणसे निघालो. त्यांत पुण्याहून आलेले आमचे जावईबापू होते. ताडोबाला ते नेमाने जातात आणि तेथील वाघिणींची कुळकथा त्यांना घरातल्या नातेवाइकांपेक्षा अधिक पाठ आहे. त्यांच्या गळ्यात हातभर लांबीची भिंग-नळी असलेला कॅमेरा होता आणि तो मांडीवरून खाली ठेवायला ते तयार नव्हते. काकूंच्या मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा होता. तोही खाली ठेवला जात नव्हता. अशा रीतीने दोन्ही बाजूंनी सज्ज होऊन आम्ही जुन्या आग्रा-मुंबई रस्त्याला लागलो. ग्वाल्हेरहून शिवपुरी सव्वाशे किलोमीटरांच्या आतच आहे.

वाटेत घाटीगाव लागते. बाहेरच्या प्रवाशाला तेथे थांबण्याजोगे काहीच नाही: उजाड, खडकाळ माळ, मधूनमधून खुरटी झुडपे, शेरडांचे कळप. या माळाला १९८१ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला, तो सोनचिडियेसाठी. सोनचिडिया म्हणजे आपला माळढोक. जावईबापूंनी गाडी थांबवायला सांगितली आणि दुर्बीण काढली. आम्ही त्यांना सांगितले की येथे सोनचिडिया दिसून कित्येक वर्षे लोटली. ते म्हणाले, ‘मग अभयारण्य कशाचे?’

या प्रश्नावर गाडीत बराच वेळ चर्चा चालली आणि तिच्यातून जे निघाले ते येथे थोडे विस्ताराने सांगणे बरे. माळढोक हा पुरुषभर नव्हे तरी मीटरभर उंचीचा, उडू शकणाऱ्या पक्ष्यांत अतिशय जड असा पक्षी. मादी उघड्या माळावर, जमिनीवर, बहुधा एकच अंडे घालते. सालिम अलींनी हा भारताचा राष्ट्रीय पक्षी व्हावा असे सुचवले होते. १९६३ साली तो मान मोराला मिळाला. आज देशभरात माळढोक दीडशेच्या आसपास उरले आहेत आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात, जैसलमेरकडे. आपल्या सोलापूरच्या नान्नज येथे १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झाले, तेव्हा त्याचे क्षेत्र कागदोपत्री साडेआठ हजार चौरस किलोमीटरांच्या जवळ होते. त्यात गावे, शेते, साखर कारखाने, सगळेच आले. पुढे ते सव्वाबाराशेपर्यंत खाली आणावे लागले. शिवपुरी जिल्ह्यातल्या करैऱ्याची गोष्टही याच वळणाची. तेथे १९८१ साली दोनशे चौरस किलोमीटरांचे अभयारण्य झाले. त्यातली बहुतेक जमीन लोकांच्या मालकीची, शेतांची आणि गायरानाची. अभयारण्य झाल्यामुळे तिच्या खरेदी-विक्रीवर बंधने आली. मुलीच्या लग्नासाठी दोन बिघे विकायचे म्हटले तरी विकता येईनात. दुसरीकडे संरक्षणामुळे काळवीट वाढले आणि ते उभ्या पिकात शिरू लागले. जो शेतकरी पूर्वी आपल्या बांधावर सोनचिडियेला उभी पाहून कौतुकाने हसत असे, त्याच्या दृष्टीने तीच आता सगळ्या आपत्तीचे मूळ ठरली. ती १९९०च्या दशकातच दिसेनाशी झाली. अभयारण्य मात्र पुढे पाव शतक कायम राहिले आणि २०२२च्या सुमारास ते रद्द झाले. पक्षी नाही आणि पक्ष्याच्या नावाने जमीन अडकलेली, असा हा मधला काळ. त्या काळात ज्यांची एक पिढी गेली त्यांच्यापुढे वन्यजीवांची महती गाण्याचे धैर्य आम्हांला तरी होणार नाही.

जावईबापूंचे म्हणणे पडले की मग कायद्याने प्राणी वाचतच नाहीत असे म्हणावे लागेल. तसेही नाही. आदल्याच दिवशी आम्ही त्यांना ग्वाल्हेरच्या उत्तरेला, मुरैन्याच्या पुढे, चंबळ दाखवून आणली होती. १९७०च्या दशकात सगळ्या देशात दोनशेसुद्धा घडियाल उरले नव्हते. आज एकट्या चंबळेत ते दोन हजारांवर आहेत. मुरैन्याजवळ देवरीला नदीच्या वाळूतून आणलेली त्यांची अंडी उबवतात, पिल्ले तीन-साडेतीन वर्षे सांभाळतात आणि सुमारे चार फुटांची झाली की थंडीत नदीत सोडतात. नराच्या सोंडेच्या टोकाला घड्यासारखा गोळा येतो, म्हणून तो घडियाल. मराठीत आपण त्याला सुसर म्हणतो आणि कित्येकदा मगरीलाही सुसरच म्हणतो. तिकडच्या मल्लाहांना ही चूक सहन होत नाही. तेव्हा कायदा होता, पण त्याच्याबरोबर दर वर्षी वाळूत गुडघे टेकून अंडी काढणारे हातही होते. आणि नदीच्या पाण्यावर कोणाचा सातबारा नव्हता, हेही खरे. वाळू उपसणाऱ्यांचा उपद्रव तेथेही आहेच.

शिवपुरीत पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. तळ्यापासून जवळच एका पर्यटक-निवासात उतरलो. बैठ्या खोल्या, मधे हिरवळ, आणि सकाळच्या चहाला न बोलावता येणारी वानरे. एका वानराने पहिल्याच दिवशी जावईबापूंच्या हातातले बिस्किट इतक्या सभ्यतेने काढून घेतले की कॅमेरा हाताशी असूनही त्यांना चित्र घेता आले नाही.

सख्यासागर आणि माधवसागर ही दोन्ही तळी १९१८ साली मनियर नदीवर बांध घालून तयार झाली. ती बांधली माधवराव शिंद्यांनी. सख्याराजे या त्यांच्या मातोश्री. दोघांच्याही छत्र्या गावात आहेत आणि पाहण्यासारख्या आहेत. माय-लेकांची नावे मिरवणारी ही पाण्याची जोडी आम्हांला नेहमीच आवडत आली आहे. हिंदी मुलखाच्या नकाशावर मराठी घरातली दोन नावे अशी सहज उमटलेली पाहून परप्रांती राहणाऱ्या माणसाला थोडे बरे वाटते, हे लपवण्यात अर्थ नाही. सख्यासागराला २०२२ साली रामसर यादीत स्थान मिळाले, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांत त्याची गणना झाली. त्याच तळ्यावर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो आणि गावाचे सांडपाणी त्याच्याकडे धाव घेते, हीसुद्धा त्याची दुसरी नोंद आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे जिप्सीतून रानात शिरलो. थंडी अशी की काकूंनी शालीवर शाल घेतली होती आणि त्यांचे फक्त डोळे दिसत होते. बरोबर वाट दाखवणारा एक तरुण होता. तो जवळच्याच वस्तीतला, सहरिया आदिवासी समाजातला. आमच्याशी हिंदीत बोले. आपसातले आमचे मराठी त्याला निम्मेशिम्मे कळत असावे, कारण जावईबापूंच्या शेऱ्यांवर तो नेमका योग्य ठिकाणी हसत होता. रान पानगळीचे: धावडा, खैर, सालई, पळस, आणि करधई. ही करधई उन्हाळ्यात अगदी वाळक्या काटकीसारखी होते आणि पावसाचा थेंब पडण्यापूर्वी, नुसत्या हवेतल्या ओलाव्याने हिरवी होते, असे इकडचे लोक सांगतात. जानेवारीत ती तांबूस-पिवळी दिसत होती.

पहिला तास नुसत्या पाऊलखुणांत गेला. गवताळ भागात चिंकारे दिसले, एका ठिकाणी पाच. चिंकाऱ्याला आपण हरीण म्हणतो, ते शास्त्राला मान्य नाही, कारण त्याची शिंगे गळत नाहीत. परंतु त्याच्या डोळ्यांकडे पाहिले की शास्त्र बाजूला राहते. धोका वाटला की तो पाय आपटतो आणि शिंकल्यासारखा आवाज काढतो. त्या शिंकेवरूनच त्याचे नाव पडले म्हणतात. आमच्या गाडीची चाहूल लागून त्यांतला एक खरोखरच शिंकला आणि आमच्याकडील लहानग्याने सवयीने त्याला ‘शतंजीव’ म्हटले. नंतर सांबराची एक मादी, चितळांचा मोठा कळप, आणि मोहरलेल्या मोहरीच्या शेताकडे तोंड करून उभी असलेली नीलगाय. ती रानाच्या आत होती की बाहेर हे सांगणे कठीण होते.

एका ओढ्याच्या वाळूत वाघाचा ठसा होता. जावईबापूंनी त्याची सहा चित्रे घेतली. वाटाड्याने बोटाने मोजून सांगितले की हा रात्रीचा आहे. पुढचे दीड तास आम्ही त्या एका ठशाच्या मागे फिरलो. रेडिओ-पट्टा बांधलेले वाघ रानात आहेत हे आम्हांला ठाऊक होते. येथला मूळचा वाघ १९७०च्या आसपासच संपला. नंतर काही वर्षे कुंपण घालून वाघ दाखवण्याचा प्रयोग झाला, तोही बंद पडला. शेवटी १० मार्च २०२३ रोजी बाहेरून आणलेले एक नर आणि एक मादी येथे सोडली गेली, मागून आणखी एक मादी आली, आणि पुढच्या वर्षी बछडेही दिसले. म्हणजे ठसा खरा होता. त्याचा धनी आमच्यासमोर आला नाही. नऊ वाजता ऊन वर आले आणि वाटाड्याने हळूच सांगितले की आता तो झोपला असेल.

परतताना गाडी जॉर्ज कॅसलपाशी थांबवली. रानातल्या सर्वांत उंच जागी ही दगडी कोठी आहे. १९११ साली पंचम जॉर्ज बादशहा शिकारीला येणार म्हणून ती बांधली आणि बादशहाला वाटेतच वाघ मिळाल्याने तो येथे न उतरता परत गेला, अशी कथा सगळे सांगतात. त्या डिसेंबरात दिल्ली दरबारानंतर बादशहा नेपाळच्या तराईत होता, आणि दहा-अकरा दिवसांत त्याच्या मंडळींनी एकोणचाळीस वाघ आणि अठरा गेंडे मारले. तेव्हा या कथेत खरे एवढेच, की कोठी आहे आणि बादशहा राहिला नाही. तेथून दिसणारे तळे मात्र अप्रतिम आहे. बादशहाचे नुकसान झाले असे म्हणायला हरकत नाही.

तळ्याच्या काठावर ‘शूटिंग बॉक्स’ नावाची आणखी एक जागा आहे. खालच्या बाजूला जनावर बांधलेले असे, वाघ पाण्यावर किंवा त्या जनावरावर येई, आणि वर सुरक्षित बसलेल्या पाहुण्याला नेमके दिसेल अशी सारी रचना. माधवराव महाराजांना या व्यवस्थेचे फार वेड. त्यांनी १९२० साली वाघाच्या शिकारीवर इंग्रजीत मार्गदर्शकच लिहिले. शिकार म्हणजे त्या काळी पराक्रमापेक्षा अधिक व्यवस्थापन होते: हाका कुठून निघावा, रोख धरणारी माणसे कोणत्या झाडांवर बसवावीत, पाहुण्याचे मचाण वाऱ्याच्या कोणत्या बाजूला असावे. याच महाराजांनी आफ्रिकेतून सिंह आणवून आजच्या कुनोच्या रानात सोडण्याचा प्रयोग केला होता. ते सिंह गुरांवर आणि माणसांवर गेले आणि प्रयोग फसला. हा मुलूख जनावरांच्या बाबतीत मोठा हरवण्याचा मुलूख आहे. अकबराने १५६४ साली येथल्याच नरवरच्या बाजूला रानटी हत्तींचे कळप धरले होते. आज इकडे हत्ती फक्त वरातीत दिसतो. मग सिंह गेला, चित्ता गेला, वाघ गेला, सोनचिडिया गेली. आता २०२२ पासून कुनोत आफ्रिकेतले चित्ते आहेत आणि ते शिवपुरीपर्यंत फिरून जातात. ज्या रानातून चोवीस गावे हलवली ती खरे तर गीरच्या सिंहांसाठी. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सिंह तेथे न्यावेत असा निर्णयही दिला. सिंह आले नाहीत, चित्ते आले. हलवलेल्या गावांना त्याने काय फरक पडला असेल, याचा विचार त्या शूटिंग बॉक्सपाशी उभे असताना मनात आला.

आम्ही हे सगळे बोलत होतो तेव्हा वाटाड्या कठड्याला टेकून उभा होता. तो सहज म्हणाला, ‘माझे आजोबा हाक्यात असत.’ आम्ही वळून त्याच्याकडे पाहिले. त्याच्या सांगण्यात अभिमान नव्हता आणि तक्रारही नव्हती. आजोबांच्या तरुणपणी शिकार असली की वस्तीतले सगळे पुरुष पहाटेच रानाच्या पलीकडच्या टोकाला नेत. हातात पत्र्याचे डबे, ढोल, कुऱ्हाडी. ओरडत ओरडत पुढे सरकायचे. जितका गोंगाट मोठा तितका वाघ बरोबर मचाणाकडे जाई. दिवसभराच्या मजुरीला धान्य मिळे. एकदा एका साथीदारावर जखमी वाघ उलटला होता, ती हकिगत त्याला आजोबांनी इतक्या वेळा सांगितली होती की ती त्याला स्वतः पाहिल्यासारखी वाटे. ‘ते लोकांना ओरडायला सांगत,’ तो म्हणाला, ‘मी तुम्हांला गप्प बसायला सांगतो.’ आणि त्याला स्वतःलाच हसू आले.

तेव्हापासून जावईबापूंचा सूर बदलला असे आमच्या ध्यानात आले. संध्याकाळच्या फेरीला त्यांनी नकार दिला आणि ते आमच्याबरोबर तळ्यावर आले.

सख्यासागराच्या काठी बसून आम्ही ते चार तास काढले. या सहलीतले खरे पाहणे म्हणायचे तर ते हेच. मगरी उन्हात पडल्या होत्या. प्रथम दोन दिसल्या. डोळा सरावल्यावर अकरा मोजल्या. मगर तोंड उघडे टाकून पडते, ते रागाने नव्हे. अंगातली जादा उष्णता बाहेर टाकण्याची ती तिची रीत आहे. पाऊण तासात एकीनेही डोळ्याची पापणी हलवली नसेल. तिच्या अगदी नाकासमोरून एक धोबी पक्षी शेपूट खालीवर करीत चालत गेला. ती दगड आहे असे त्याने धरले होते, की ती या वेळी दगडच असते हे त्याला ठाऊक होते, कोण जाणे. पलीकडे पाण्यात वाळलेल्या झाडावर पाणकावळे पंख पसरून बसले होते, चित्रबलाकांची एक रांग उथळ पाण्यात चोची बुडवून उभी होती. साडेचारच्या सुमारास उत्तरेकडून पट्टकादंब आले. हे हंस उन्हाळ्यात तिबेटच्या बाजूला असतात आणि हिमालय ओलांडून थंडीत आपल्याकडे उतरतात. डोक्यावर दोन काळे पट्टे. उडतानाचा आवाज सनईच्या खालच्या सुरासारखा. ते तळ्यावर दोन घिरट्या घालून उतरले आणि उतरताना पाय पुढे टाकून पाण्यावर घसरत गेले. काकू म्हणाल्या, ‘अगदी गोदाकाठच्या घाटावरून पाय घसरावा तसे.’ काकूंचे माहेर नाशिकचे.

जावईबापू त्या सगळ्या वेळात काही बोलले नाहीत. कॅमेरा मांडीवर होता. अंधारू लागले तेव्हा पलीकडच्या काठावरून वानरांचा खोकल्यासारखा आवाज आला, मग एका सांबराची मोठी हाक, मग पुन्हा वानरे. धोक्याच्या हाका त्या. पलीकडे काहीतरी चालत होते. बिबट्या असेल किंवा तो सकाळच्या ठशाचा धनी असेल. हाका पाण्यावरून डावीकडून उजवीकडे सरकत गेल्या आणि थांबल्या. एवढेच. दिसले काहीच नाही. आम्ही सगळे मात्र उभे होतो आणि केव्हा उभे राहिलो ते कोणालाच आठवत नव्हते.

बसल्या जागी प्राणी दिसावा अशी रचना करणे हे राजांनी केले आणि आता आपल्यासाठी सरकार करते. फरक मोठा आहे, कारण आपण जनावर जिवंत सोडून परत येतो. हा फरक लहान करून दाखवण्याची आमची इच्छा नाही. तरीही मचाणावरच्या पाहुण्याची जागा आता आपण घेतली आहे, आणि हाक्यातल्या माणसाची जागा कोणीतरी घेतलेली आहे. वाघ परत आला कारण त्याला पाहायला येणारा पाहुणा आहे. सोनचिडियेला पाहायला घाटीगावच्या उन्हात बसणारे फारसे कोणी नव्हते. आणि ज्यांच्या बांधावर ती उभी राही, त्यांना कोणी विचारले नव्हते. वाघाच्या बाबतीत त्यांना विचारले जाते आहे का, हा प्रश्न आम्हांला वाघ दिसण्या-न दिसण्यापेक्षा महत्त्वाचा वाटू लागला आहे. मार्च २०२५ मध्ये उद्यानाच्या हद्दीवर तेरा किलोमीटर लांबीच्या दगडी भिंतीचेही उद्घाटन झाले. वाघाने वस्तीत येऊ नये आणि वस्तीने रानात जाऊ नये, असे दोन्ही हेतू तिच्यात आहेत. पहिला हेतू वस्तीच्या भल्याचा आहे. दुसऱ्याविषयी वस्तीशी बोलायला हवे.

तिसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी वाटाड्या निरोप घ्यायला आला. काकूंनी डबा उघडून त्याच्या हातावर दोन लाडू ठेवले. त्याने एक तोंडात टाकला, थांबला आणि म्हणाला, ‘यात धावड्याचा डिंक आहे.’ काकूंना फार आनंद झाला. ग्वाल्हेरच्या बाजारात डिंक पारखून घेणे हा त्यांचा जुना छंद आहे. तळल्यावर फुलतो तो खरा, वगैरे. त्याने सांगितले की त्याची आई थंडीत आणि उन्हाळ्यात डिंक वेचीत असे. धावड्याच्या सालीवर कुऱ्हाडीने हलकेच चरा करायचा, आठवड्याने परत जायचे, तोवर मध गोठल्यासारखे खडे जमलेले असत. कोणत्या झाडाला किती चरे सोसतात हे आईला झाडागणिक माहीत होते; लोभाने अधिक चरे करणाऱ्या बाईला वस्तीत बोल लागत. शिवपुरीचा व्यापारी तो शेरावर घेई. त्यांची वस्ती रानातून बाहेर हलली तेव्हा तो लहान होता. आता राष्ट्रीय उद्यानातून काडीसुद्धा नेता येत नाही, कायदा तसाच आहे, आणि त्याच कायद्यामुळे धावडे उभे आहेत हेही त्यानेच आम्हांला सांगितले. त्याला जिप्सीचे काम आहे. दिवसाला दोन फेऱ्या झाल्या तर बरे भागते. पावसाळ्यात रान बंद असते तेव्हा काही नाही.

‘आई अजून आहे?’ काकूंनी विचारले.

‘आहे. गुडघे दुखतात.’

‘मग तिच्यासाठी ने,’ म्हणून काकूंनी उरलेला सगळा डबाच त्याच्या हाती दिला, आणि बाळंतिणीला व गुडघेदुखीला डिंकाइतके चांगले काही नाही हे सवयीने सांगितले. तो म्हणाला, आईला ठाऊक आहे. पूर्वी घरात डिंक कधी विकत आणला नव्हता, आता शिवपुरीच्या बाजारातून आणतो, पावशेर. भाव त्याने सांगितला. काकूंनी तो ग्वाल्हेरच्या भावाशी ताडून पाहिला आणि म्हणाल्या, तुमच्याकडे तर आमच्यापेक्षा महाग आहे.